मर्यादित आवृत्तीचे फाउंटन पेन कसे विकावे

संग्राह्य फाउंटन पेनाची किंमत सर्वांत वेगाने घसरते ती ते विकायचे ठरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात. वर्षानुवर्षे कपाटात सुखरूप राहिलेले पेन बाहेर निघते. मग कोणी ते ‘चालते का’ हे पाहण्यासाठी त्यात शाई भरतो, कोणी चांदीची क्लिप दागिन्यांच्या पॉलिशने घासतो, कोणी बाहेरचे फाटके पुठ्ठ्याचे वेष्टण रद्दीत टाकतो आणि शेवटी ‘योग्य किंमत आल्यास विकणे आहे’ अशा एका ओळीसह अंधुक छायाचित्र ओळखीच्या मंडळींना धाडले जाते. यांतली प्रत्येक कृती चांगल्या हेतूने केलेली असते आणि प्रत्येक कृतीने पैसे जातात. म्हणून पहिली पायरी अशी, की पेनाला हात न लावता आधी त्याच्यासोबतच्या सर्व वस्तू शोधून एका जागी आणाव्यात आणि पुढची माहिती मिळेपर्यंत पेन होते तिथेच ठेवावे.

या लेखात उदाहरण म्हणून माँ ब्लाँ या जर्मन कंपनीने १९९३ साली काढलेले ‘अगाथा ख्रिस्ती’ पेन अधूनमधून येईल. तसे एक पेन मी स्वतः विकले आहे, आणि एखादे मर्यादित आवृत्तीचे पेन विकताना जे जे प्रश्न उभे राहतात ते जवळजवळ सगळे या एका पेनाच्या बाबतीत उभे राहतात.

आपल्या हातात नेमके काय आहे

‘मर्यादित आवृत्ती’ हा शब्द विक्रेते फार सैलपणे वापरतात. काटेकोर अर्थाने मर्यादित आवृत्ती म्हणजे किती पेने काढली जाणार हे कंपनीने आधी जाहीर केलेली आणि बहुधा प्रत्येक पेनावर क्रमांक कोरलेली आवृत्ती. ‘विशेष आवृत्ती’ ही वेगळी गोष्ट आहे. तिचा रंग किंवा नक्षी काही काळापुरतीच मिळते, पण संख्येचे बंधन नसते. विशेष आवृत्तीला मर्यादित म्हणून विकायला निघाल्यास जाणकार ग्राहक पहिल्याच वाक्याला मागे फिरतो आणि पुढे आपण खरे लिहिलेले असले तरी त्यावर विश्वास ठेवत नाही.

या प्रथेचा सर्वांत परिचित आरंभ पार्करचा आहे. १७१५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडालेल्या स्पॅनिश ताफ्यातून वर काढलेल्या चांदीपासून या कंपनीने १९६५ साली ‘पार्कर ७५’ या नमुन्याची ४,८२१ पेने घडवली. पुढे १९९२ पासून माँ ब्लाँने दरवर्षी लेखकांच्या आणि कलांच्या आश्रयदात्यांच्या नावाने आवृत्त्या काढायला सुरुवात केली आणि संग्राहकांची बाजारपेठ खऱ्या अर्थाने उभी राहिली. आश्रयदात्यांच्या मालिकेतले पहिले पेन, ‘लोरेंझो द मेदिची’, ४,८१० नगांचे होते. हा आकडा माँ ब्लाँ शिखराच्या मीटरमधल्या, पूर्वापार सांगितल्या जाणाऱ्या उंचीचा आहे आणि तो कंपनीच्या निबांवरही कोरलेला असतो.

संख्या कमी म्हणजे किंमत जास्त, हा समज मात्र सोडून द्यावा. लेखक मालिकेतले पहिले ‘हेमिंग्वे’ पेन १९९२ साली वीस हजार काढले गेले. इतकी मोठी संख्या असूनही त्याला आजवर गिऱ्हाईक मिळते, कारण मालिका पूर्ण करू पाहणाऱ्या प्रत्येकाला पहिला नग हवाच असतो. याउलट एखाद्या अपरिचित कारखान्याची शंभरच पेनांची आवृत्ती वर्षभर पडून राहते. भाव ठरतो तो हवे असणारे किती आणि विकायला तयार असणारे किती यांच्या प्रमाणावरून. पेनावरचा आकडा या हिशेबाचा अर्धाच भाग सांगतो.

आता पेन ओळखावे. यासाठी सराफ वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. टोपण, टोपणावरचा कडा, दांडी आणि क्लिप या चार ठिकाणी कोरलेले प्रत्येक अक्षर कागदावर उतरवून घ्यावे: अनुक्रमांक, धातूचा छाप (चांदीसाठी ९२५, अठरा कॅरेट सोन्यासाठी ७५०, चौदा कॅरेटसाठी ५८५), निबेवरची अक्षरे आणि निबेची जाडी. अनुक्रमांक प्रमाणपत्रावरच्या क्रमांकाशी अंकन् अंक जुळतो का ते पाहावे. जुळत नसेल तर ते लपवू नये. दोन पेने असलेल्या घरात डबे अदलाबदल झालेले असतात आणि तेवढे स्पष्टीकरण ग्राहक समजून घेतो.

एकाच आवृत्तीचे पोटप्रकार असतात आणि भावातला मोठा फरक तिथे दडलेला असतो. ‘अगाथा ख्रिस्ती’ची क्लिप नागाच्या आकाराची आहे. चांदीच्या नागाचे डोळे माणकाचे, म्हणजे लाल असतात आणि ती आवृत्ती तीस हजारांची आहे. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेल्या नागाचे डोळे निळ्या नीलमण्याचे असतात आणि ती आवृत्ती ४,८१० नगांची आहे. दोन्हींचे नाव एकच, वर्ष एकच, पण भाव एक नाही. याहून मजेशीर प्रकरण १९९६ च्या ‘अलेक्झांडर द्यूमा’ पेनाचे आहे. द्यूमा बापलेकांचे नाव एकच, दोघेही लेखक. पेन काढले होते वडिलांच्या सन्मानार्थ, पण काही पेनांवर चुकून मुलाची सही कोरली गेली. त्यामुळे आज द्यूमा पेन विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो सही बापाची की लेकाची. आपल्या पेनाबाबत असा कोणता प्रश्न विचारला जातो, हे विक्रीची जाहिरात लिहिण्याआधीच शोधून ठेवावे.

नकली मालाबद्दलही इथेच बोलले पाहिजे, कारण वारशाने किंवा भेटीदाखल आलेल्या पेनाबाबत विकणाऱ्यालाच खात्री नसते. क्रमांक कोरलेला आहे, एवढ्यावरून पेन अस्सल ठरत नाही, कारण नकली पेनावरही क्रमांक कोरता येतो. एकच क्रमांक अनेक नगांवर दिसणे, कोरीवकामाच्या कडा भुरभुरीत असणे, सोन्याऐवजी मुलामा दिलेली पोलादी निब, पिस्टनच्या (घुंडी फिरवून शाई आत ओढणाऱ्या दट्ट्याच्या) जागी साधी शाईची नळी, अशा खुणा एकत्र पाहाव्या लागतात. शंका उरली तर कंपनीच्या अधिकृत दुकानातून सेवा केंद्राकडे पेन पाठवून तपासून घ्यावे. तिथल्या कामाची पावती पुढे विक्रीतही उपयोगी पडते.

संच आणि त्याची कागदपत्रे

संग्राहक जे विकत घेतो ते पेन आणि त्या पेनाचा पुरावा, असे दोन्ही मिळून असते. आतला डबा, त्यावरचे पुठ्ठ्याचे वेष्टण, प्रमाणपत्र, हमीपत्र, त्यावर दुकानाचा शिक्का आणि तारीख, माहितीपुस्तिका, सोबत आलेली शाईची दौत, क्रमांकाची चिकटपट्टी आणि मूळ बिल यांतली प्रत्येक वस्तू भावात भर घालते. बाहेरचे वेष्टण सर्वांत आधी फेकले जाते, म्हणून तेच सर्वांत दुर्मीळ असते. घरात शोधताना पेनाच्या कपाटातच थांबू नये. हमीपत्रे बहुधा बँकेच्या कागदांच्या पिशवीत किंवा टीव्ही-फ्रिजच्या हमीपत्रांच्या गठ्ठ्यात सापडतात.

जे नाही ते दुसरीकडून आणून भरू नये. रिकामे डबे आणि प्रमाणपत्रे सुटी विकली जातात हे खरे, पण दुसऱ्या क्रमांकाचे प्रमाणपत्र जोडून ‘पूर्ण संच’ म्हणणे ही फसवणूक आहे आणि ती पहिल्या तपासणीतच उघडी पडते.

पेनाची अवस्था

पहिला प्रश्न असा, की या पेनात कधी शाई भरली गेली आहे का. कधीच भरली नसेल तर ती गोष्ट भावातली सर्वांत मोठी भर आहे आणि ती परत मिळवता येत नाही. ‘एकदाच भरून धुतले’ हे ‘कधीच न भरलेले’ या वर्गात बसत नाही. निबेच्या फटीत आणि निबेखालच्या काळ्या जिभेच्या खाचांत शाईचा अंश राहतोच आणि भिंगाखाली तो दिसतो. मात्र कारखान्यातही काही निबा शाईत बुडवून लिहून पाहिल्या जातात, त्यामुळे न वापरलेल्या पेनावरही क्वचित पुसट डाग असतो. तसे आढळल्यास ‘पेन वापरलेले नाही, निबेवर कारखान्यातल्या चाचणीची असावी अशी पुसट खूण आहे’ असे लिहून तिचे जवळून घेतलेले छायाचित्र द्यावे. न भरलेल्या पेनाची निब ‘फक्त पाण्याने’ तपासण्याचा मोहही टाळावा. पिस्टन घट्ट वाटत असेल तर फिरवू नये. वंगण वाळलेले असते आणि जोर लावल्यास आतला भाग तुटतो.

वापरलेल्या पेनाची तपासणी वेगळी. निबेच्या दोन्ही फाका एका पातळीत आहेत का, टोकावरचा कठीण धातूचा थेंब दोन्ही बाजूंना सारखा उरला आहे का, जीभ निबेच्या बरोबर मध्यावर आहे का, हे भिंगाखाली पाहावे. टोपणाचा ओठ खिडकीकडे धरून हळूहळू फिरवावा, म्हणजे केसाएवढी तडही चमकून दिसते. अनेक पेनांचे सर्वांत कमकुवत अंग हेच असते. मुलामा उडून आतला पितळी रंग कुठे डोकावतो का, क्लिपच्या टोकाखाली ओरखडा आहे का, टोपण लावल्यावर दांडीवर उमटणारी वर्तुळाकार रेघ किती खोल आहे आणि कोणी नाव कोरून घेतले आहे का, याचीही नोंद करावी. कोरलेले नाव साधारणपणे भाव उतरवते आणि ते घासून काढण्याचा प्रयत्न आणखी उतरवतो.

ही सगळी टिपणे गुणदोषांसकट लिहून ठेवावीत. जाहिरातीचा मजकूर पुढे यातूनच तयार होतो.

स्वच्छता: किती आणि कुठवर

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. संपूर्ण चांदीची दांडी असलेले एक जुने पेन विकण्याआधी मी ते देवघरातल्या चांदीच्या भांड्यांच्या पावडरीने घासले. पेन आरशासारखे झाले. कोरीव नक्षीच्या खोबणीत मुद्दाम राखलेला काळा रंगही त्याबरोबर निघून गेला आणि कडांची धार बोथट झाली. ज्यांनी ते आधी पाहिले होते त्या गृहस्थांनी माझ्या हातातून ते घेतले, एकदा फिरवले आणि काही न बोलता परत दिले. पुढे ते पेन मी ठरवलेल्या रकमेच्या जेमतेम दोन तृतीयांशात गेले. चांदीवर साचलेला काळेपणा नव्या मालकाला हवा तेव्हा काढता येतो, पण घासून गेलेली धातू परत येत नाही.

न वापरलेल्या पेनावर मऊ, कोरड्या, सुती किंवा चश्म्याच्या कापडाने धूळ टिपण्यापलीकडे काही करू नये. वापरलेल्या पेनातली शाई मात्र काढलीच पाहिजे. साध्या, गार पाण्याने पिस्टन किंवा कन्व्हर्टर (शाई ओढून घेणारी, काढता-घालता येणारी नळी) भरून रिकामा करत राहावे आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत, कधी कधी दोन दिवस, हे चालू ठेवावे. गरम पाणी कधीही वापरू नये.

दांडी कशाची आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कठीण केलेले रबर, पाण्यात भिजत ठेवले किंवा उजेडात राहिले की तपकिरी-हिरवट पडते. केसीन दुधातल्या प्रथिनापासून बनते आणि पाण्यात ठेवले की फुगते. सेल्युलॉइड ज्वालाग्राही असते, उष्णतेने वाकते आणि हवाबंद डबीत वर्षानुवर्षे कोंडल्यास खराब होण्याची शक्यता वाढते. जपानी उरुशी लाखेच्या पेनाला तीव्र ऊन आणि कोणतेही पॉलिश दोन्ही वर्ज्य. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यासाठी पेनाच्या पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी, पण कपाटातल्या डांबराच्या गोळ्या पेनांपासून लांब असाव्यात, कारण त्यांची वाफ काही प्लास्टिकांना मऊ करते. डब्याला रबरबँडही लावू नये. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

दुरुस्तीबाबत माझा नियम सोपा आहे. बिघाड असेल तर दुरुस्तीचा खर्च विचारून ठेवावा, तो ग्राहकाला सांगावा आणि पेन आहे तसे विकावे. कंपनी बंद झालेली असेल तर हे अधिकच खरे. इटलीतल्या बोलोन्या इथली ओमास २०१६ साली बंद पडली. तिच्या पेनाचा मूळ भाग बदलून दुसरा बसवला, की पेन चालू लागते पण संग्राहकाच्या लेखी उणावते.

भाव कसा काढावा

संकेतस्थळांवर दिसणाऱ्या किमती म्हणजे विकणाऱ्यांच्या इच्छा असतात. त्यांतली कित्येक पेने त्याच किमतीला चार-चार वर्षे तिथेच असतात. पाहायच्या त्या झालेल्या विक्रीच्या किमती. ईबेवर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ निवडून शोधता येते. बॉनहॅम्ससारखी लिलावगृहे झालेल्या लिलावांचे निकाल खुले ठेवतात. आपल्याच आवृत्तीच्या, आपल्याच पोटप्रकाराच्या आणि आपल्यासारख्याच अवस्थेतल्या निदान पाच-सहा विक्रींची तारीख, रक्कम आणि संच पूर्ण होता की नाही अशी वहीत नोंद करावी. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा सोडून द्यावा. उरलेल्यांचा मध्य हा आपला आरंभबिंदू.

लिलावाचा जाहीर आकडा वाचताना एक सावधगिरी हवी. अनेकदा त्यात खरेदीदाराकडून घेतलेले शुल्क मिसळलेले असते. समजा हातोडा एक लाख रुपयांवर पडला, खरेदीदाराचे शुल्क पंचवीस टक्के आणि विक्रेत्याचे कमिशन पंधरा टक्के आहे. खरेदीदार सव्वा लाख मोजतो, विकणाऱ्याच्या हाती पंच्याऐंशी हजार येतात आणि वृत्तात आकडा येतो सव्वा लाखाचा. तो वाचून घरबसल्या सव्वा लाखाची अपेक्षा धरणे ही भारतातल्या नव्या विक्रेत्यांची नेहमीची चूक आहे. परदेशातल्या भावाला रुपयांत गुणून तोच इथे मागणेही चुकीचे. तिथल्या खरेदीदाराला टपालखर्च आणि आयातशुल्क भरावे लागते, तर इथल्या खरेदीदारांची संख्या थोडी असते. दुसरीकडे, तेच पेन बाहेरून मागवायला इथल्या संग्राहकाला किती पडेल याचा हिशेब केला, तर भारतात असलेल्या नगाची खरी ताकदही कळते.

क्रमांकाला वेगळा भाव असतो, पण थोड्याच क्रमांकांना. पहिला क्रमांक, एक आकडी क्रमांक, शेवटचा क्रमांक, पेन आणि बॉलपेनच्या संचात दोन्हींवर एकच क्रमांक, किंवा चिनी ग्राहकासाठी शुभ मानला जाणारा आठ हा अंक, यांपलीकडे १,२३७ आणि ३,९०४ यांत काही फरक नाही.

शेवटी स्वतःसाठी दोन रकमा लिहून ठेवाव्यात: मागायची आणि जिच्याखाली विकायचे नाही ती. दुसरी रक्कम कोणालाही सांगू नये, मध्यस्थालाही नाही. लिलावगृहाला राखीव किंमत म्हणून ती कळवावी लागते, तो एकच अपवाद.

कुठे विकावे

जुन्या पेनांच्या व्यापाऱ्याला थेट विकले तर पैसे त्याच दिवशी मिळतात, पण त्याला पुढे नफा काढायचा असल्याने भाव बराच कमी येतो. त्याच्याकडेच कमिशनवर ठेवले तर भाव सुधारतो आणि वेळ लागतो. अशा वेळी कमिशन किती, मुदत किती, दुकानात पेन हरवले किंवा पडले तर जबाबदारी कोणाची, पेन इतरांना हाताळू दिले जाणार का, आणि विक्री झाल्यावर किती दिवसांत पैसे मिळणार, हे लेखी घ्यावे. तोंडी विश्वासावर पेन ठेवून आलेले दोन परिचित मला ठाऊक आहेत. एकाला पेन परत मिळाले, निबेला शाई लागलेले.

लिलाव हा मार्ग फार महाग किंवा फार दुर्मीळ पेनासाठी ठीक. मधल्या किमतीच्या पेनाचा बराचसा पैसा शुल्क, विमा आणि वाहतूक यांतच जातो. पेनांच्या प्रदर्शनात ग्राहक पेन हातात घेऊन पाहतो, घासाघीस समोरासमोर होते आणि परत पाठवण्याचा प्रश्न उरत नाही. मुंबईत २०२४ साली इंडिया पेन शो भरला, तसे मेळावे आता आपल्याकडेही होऊ लागले आहेत. विकायचे नसले तरी एकदा तिथे जाऊन आपल्या पेनाबद्दल तिघांचे मत घ्यावे. मला स्वतःला ओळखीच्या संग्राहकाला थेट विकणे सर्वांत पसंत आहे. त्यात भाव थोडा कमी आला तरी वाद निघत नाहीत.

कायद्याचे दोन-तीन मुद्दे

२००९ साली माँ ब्लाँने महात्मा गांधींच्या नावाने पेन काढले. दांडी यात्रेच्या २४१ मैलांची आठवण म्हणून सोन्यातली २४१ पेने आणि त्याखेरीज तीन हजारांची आवृत्ती. चरख्यावरच्या सुताची आठवण म्हणून दांडीभोवती गुंडाळलेली सोन्याची तार आणि क्लिपवर केशरी रत्न असलेल्या मोठ्या पेनाची किंमत सुमारे साडेअकरा लाख रुपये होती. साधेपणाचे व्रत घेतलेल्या माणसाच्या नावाने हे व्हावे, यावर टीका झाली, बोधचिन्हे आणि नावे यांचा अनुचित वापर रोखणाऱ्या १९५० च्या कायद्याचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयात याचिका गेली आणि २०१० साली कंपनीने भारतातली विक्री थांबवली. असे पेन ज्यांच्याकडे असेल त्यांनी भारतात जाहिरात करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

हस्तिदंत, कासवाचे कवच किंवा अन्य संरक्षित प्राण्याचा अंश असलेले पेन विकायला काढूच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याचा व्यापार गुन्हा ठरू शकतो आणि सीमाशुल्क खाते असा माल अडवते.

कराचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्तेत मोडत नाहीत, पण दागिने, चित्रे, शिल्पे आणि कलाकृती या सवलतीतून वगळलेल्या आहेत. कधीच शाई न भरलेले पेन जास्त भावाला जाते खरे, पण तेच पेन ‘वैयक्तिक वापराचे’ होते असे सांगणे तेवढेच अवघड जाते. रक्कम मोठी असेल तर सनदी लेखापालाला विचारावे आणि मूळ बिल जपून ठेवावे. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने घेण्यास कायद्याने मनाई आहे, हे मात्र सर्वांनी लक्षात ठेवावे.

छायाचित्रे आणि मजकूर

ढगाळ दिवसाचा खिडकीतला उजेड पेनासाठी सर्वोत्तम असतो, त्यामुळे पावसाळा इथे कामी येतो. पार्श्वभूमी करड्या रंगाची, साधी असावी. संपूर्ण पेन दोन्ही बाजूंनी, टोपण काढून, निब वरून आणि खालून, क्रमांक, धातूचे छाप, टोपणाचा ओठ, संचातल्या सर्व वस्तू एकत्र आणि प्रत्येक दोष जवळून, एवढी छायाचित्रे हवीत. एका छायाचित्रात पेनाशेजारी आजची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी असावी, म्हणजे पेन खरोखर आपल्याजवळ आहे हे दिसते. क्रमांकाचे शेवटचे दोन अंक जाहिरातीत झाकावेत आणि गंभीर ग्राहकालाच दाखवावेत, कारण उघडा क्रमांक कोणीही उचलून बनावट जाहिरातीत वापरू शकतो.

मजकूर असा असावा: ‘माँ ब्लाँ, लेखक मालिका, अगाथा ख्रिस्ती, १९९३. काळी दांडी, चांदीची नागाची क्लिप, लाल डोळे. तीस हजारांच्या आवृत्तीतला नग, क्रमांक प्रमाणपत्राशी जुळतो. अठरा कॅरेटची निब, मध्यम. वापरलेले, शाई पूर्ण काढली आहे, पिस्टन सहज फिरतो. टोपणाच्या कड्याजवळ तीन मिलिमीटरचा बारीक ओरखडा, छायाचित्र सातवे. क्लिपवर नैसर्गिक काळेपणा, पॉलिश केलेले नाही. आतला डबा आणि प्रमाणपत्र आहे, बाहेरचे वेष्टण नाही. तीन दिवसांत परत घेण्याची तयारी.’ यात ‘अप्रतिम’, ‘दुर्मीळ’, ‘गुंतवणुकीची संधी’ हे शब्द नाहीत, कारण जाणकाराला त्यांतून काही कळत नाही आणि अजाण ग्राहकाशी पुढे वाद होतो.

पैसे, पाठवणी आणि पावती

यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागणारा फसवत आहे. ‘चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा’ असे सांगणाऱ्याला एक रुपयाही परत करू नये, आधी बँकेत जाऊन रक्कम खरोखर जमा आहे का ते पाहावे. पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नये. समक्ष व्यवहार बँकेच्या शाखेत करणे उत्तम. घरी बोलावणे टाळावे. परदेशी ग्राहकाकडून येणारी रक्कम बँकिंग मार्गानेच घ्यावी आणि पार्सलवरच्या सीमाशुल्क पत्रकात खरी किंमत लिहावी. ग्राहक कर वाचवण्यासाठी कमी लिहायला सांगतो, पण पार्सल गहाळ झाल्यास भरपाई त्या कमी आकड्यावरच मिळते.

पेन रिकामे आणि कोरडे असल्याची खात्री करावी. शाईची भरलेली दौत हवाई मार्गाने पाठवण्याआधी टपाल किंवा कुरियरला विचारावे. न पाठवता ती वेगळी ठेवण्याची तयारी ठेवावी. पेन मूळ डब्यात हलणार नाही असे मऊ कागदाने बसवावे, डबा फुगेरी प्लास्टिकात, तो मजबूत खोक्यात आणि ते खोके दोन बोटे मोकळी जागा सोडून दुसऱ्या खोक्यात. मूळ डब्याला चिकटपट्टी लावू नये. बाहेर पेनाचे किंवा कंपनीचे नाव लिहू नये. विमा किती रकमेपर्यंत आहे आणि मौल्यवान वस्तू त्यातून वगळल्या आहेत का, हे कुरियरच्या छापील अटींत वाचावे. खोके बंद करतानाची, क्रमांक स्पष्ट दिसेल अशी एकसलग चित्रफीत घ्यावी आणि ग्राहकालाही खोके उघडताना तशीच घ्यायला सांगावे.

पावती साध्या कागदावर दोन प्रतींत करावी: पेनाचे नाव, वर्ष, पूर्ण अनुक्रमांक, संचातल्या वस्तूंची यादी, नोंदवलेले दोष, रक्कम, ती कशी मिळाली, परत करण्याची मुदत आणि ‘परत येणारे पेन पाठवले त्याच अवस्थेत, शाई न भरलेले असावे’ हे वाक्य, जर पेन न वापरलेले असेल तर. दोघांच्या सह्या घ्याव्यात. परत करण्याची मुदत संपेपर्यंत छायाचित्रे आणि चित्रफीत पुसू नये, आणि पेन परत आलेच तर पाकीट उघडण्याआधी कॅमेरा सुरू करावा.